घरात आलेला समुद्र : सागरी मत्स्यालयाचा इतिहास



जोयड्यासारख्या अरण्यमय तालुक्यात समुद्राविषयी बोलणे कोणास विषयांतर वाटेल. परंतु काळी नदी याच तालुक्यात डिग्गीजवळ उगम पावते आणि सुमारे १८४ किलोमीटर वाहून कारवारला सागरास मिळते. आपल्या अंगणातले पावसाचे पाणी अखेर जिथे पोहोचते, त्या समुद्राचा अंश काचेच्या पेटीत जिवंत ठेवण्याचा उद्योग माणसाने कसा आरंभला आणि त्यातून तो काय शिकला, हे आज मांडावयाचे आहे.

या इतिहासाच्या आरंभी दोन स्त्रिया आहेत. झान व्हिलप्रो-पॉवर ही फ्रेंच स्त्री मूळची शिवणकाम करणारी. सिसिली बेटावर मेसिना येथे राहत असताना, १८३२ च्या सुमारास, तिने काचेच्या पेट्या करवून घेतल्या. आर्गोनॉट नावाचा अष्टपाद प्राणी आपला शंख स्वतः घडवितो की दुसऱ्याचा बळकावतो, हा पंडितांमधील जुना वाद होता. तो स्वतःच घडवितो, हे तिने प्रत्यक्ष निरीक्षणाने दाखविले. पुढे १८४६ साली अ‍ॅना थिन यांनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतीत असे. तिचे नाव कोणी नोंदविले नाही. परंतु आजच्या हवेच्या पंपाचे काम प्रथम तिच्या हातांनी केले, हे विसरता येत नाही.

१८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जनतेसाठी मत्स्यगृह उघडले. त्यात फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता. १८५४ च्या त्याच्या ग्रंथाने ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द घरोघरी पोहोचविला. परिणाम मात्र विपरीत झाला. छंदिष्टांच्या झुंडी किनाऱ्यांवर लोटल्या आणि खडकांतील डबकी ओरबाडली गेली. आपल्या पित्याच्या लेखनामुळे हे घडले, ही खंत त्याचा पुत्र एडमंड गॉस याने १९०७ साली ग्रंथरूपाने नोंदविली. ज्या ग्रंथाने लोकांना समुद्राचे प्रेम लावले, त्यानेच किनारे उजाड केले!

बरे, नेलेले जीव तरी जगत होते काय? बहुतेक मरत, आणि कारण दिसत नसे. मासे व उरलेले अन्न यांपासून पाण्यात अमोनिया साठतो. तो विषारी असतो. काही सूक्ष्म जिवाणू त्याचे नायट्राइटमध्ये आणि दुसरे त्याचे तुलनेने सौम्य नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू विनोग्रादस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखविले. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ साली सजीवांनी भरलेले प्रवाळखडक व हवेचे बुडबुडे एवढ्यावर पेटी चालविण्याची रीत प्रसिद्ध केली. पाण्याला सांभाळणारे खरे रहिवासी डोळ्यांना दिसत नाहीत, हा या साऱ्याचा मथितार्थ. म्हणून पहिली पेटी मांडणाऱ्याने अमोनियाचा अल्प अंश पुरवीत सुमारे चार ते सहा आठवडे मासा न सोडता थांबावे. अमोनिया व नायट्राइट शून्यावर आल्यावरच एखाद-दुसरा मासा आणावा.

पाण्याचेही तसेच. समुद्राच्या एका लिटरात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. केवळ स्वयंपाकघरातील मीठ घालून समुद्र होत नाही. आपल्याच जिल्ह्यात गोकर्णजवळ सानिकट्ट्याची मिठागरे आहेत. तेथे मीठ आधी स्फटिकरूप होते आणि मॅग्नेशियमयुक्त कडवट पाणी मागे उरते. ते कडवट द्रव्यही समुद्राला हवेच असते. पेटीतील पाणी आटले तर गोडे पाणी घालावे, कारण मीठ आटत नाही. काळीच्या मुखाशी पावसाळ्यात पाणी जवळजवळ गोडे होते. ते त्या ऋतूत उपयोगाचे नाही.

मराठी माणसाला हा छंद दाखविला तो मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाने. १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले आणि अनेक पिढ्यांनी जिवंत सागरी मासा प्रथम तेथेच पाहिला. आपल्या किनाऱ्यावरही प्रवाळ आहे : मुरुडेश्वरसमोर नेत्राणी बेटाभोवती आणि मालवणला, जेथे १९८७ साली सागरी अभयारण्य झाले. प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत स्थान मिळाले. गॉसच्या काळी जे सुचले नाही, ते आपण कायद्याने मान्य केले. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउन माशासारख्या शोभेच्या माशांची पैदास हौदात करून दाखविली आहे. त्यामुळे खडक न ओरबाडताही छंद जोपासता येतो.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांच्या व्यवसायाचेही मर्म हेच नव्हे काय? वर्गातही आधी न दिसणारे असे काही रुजावे लागते, आणि त्यासाठी थांबावे लागते. आपल्यापैकी कोणी पेटी मांडणार असेल त्याने दोन प्रश्न आधी विचारावेत : हा जीव कोठून आला, आणि मी किती दिवस थांबण्यास तयार आहे? उत्तर समाधानकारक नसेल तर कारवारच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी जावे, पाहावे आणि रित्या हाताने परतावे. तेही समुद्राचे शिक्षणच आहे.