आधी बचावनौका, मग परीक्षा

वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावर सेंट डोनॅट्स नावाचा किल्ला आहे. मूळ बांधकाम बाराव्या शतकातले. १९२५ मध्ये तो विल्यम रँडॉल्फ हर्स्ट या अमेरिकी वृत्तपत्रसम्राटाने विकत घेतला आणि इंग्लंडमधल्या एका जुन्या मठाचे भाग उतरवून आणून त्यात बसवले. सप्टेंबर १९६२ मध्ये मात्र या किल्ल्यात राहायला आली ती वेगवेगळ्या देशांतली पन्नासेक मुले. वय सोळाच्या पुढचे, म्हणजे आपल्याकडची अकरावी-बारावी. खाली खडकाळ किनारा आणि समोर ब्रिस्टल चॅनल, जिथली भरती-ओहोटी जगातल्या सर्वांत मोठ्यांमध्ये गणली जाते.

शाळेचे नाव अटलांटिक कॉलेज. 'सर्वांगीण आंतरराष्ट्रीय शिक्षण' हे शब्द आज पुण्या-मुंबईतल्या शाळांच्या माहितीपत्रकांत सर्रास दिसतात. त्या शब्दांमागचा बराचसा इतिहास या किल्ल्यात घडला आहे.

या शाळेची कल्पना कुर्ट हान यांची. १८८६ मध्ये बर्लिनच्या एका ज्यू कुटुंबात जन्मलेले हान पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मन साम्राज्याचे शेवटचे चॅन्सेलर प्रिन्स मॅक्स फॉन बाडेन यांचे खासगी चिटणीस होते. पराभवानंतर या दोघांनी १९२० मध्ये बोडेन सरोवराजवळ झालेम येथे निवासी शाळा काढली. १९३२ च्या ऑगस्टमध्ये पोटेम्पा गावात नाझींनी एका कामगाराला त्याच्या घरात शिरून ठार मारले आणि हिटलरने त्या खुन्यांची जाहीर पाठराखण केली. तेव्हा हान यांनी झालेमच्या माजी विद्यार्थ्यांना पत्र लिहून बजावले, की झालेम आणि हिटलर यांतले एकच निवडा. पुढच्या वर्षी नाझी सत्तेवर आले आणि हान तुरुंगात गेले. ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड यांनी शब्द टाकला, म्हणून ते सुटले आणि ब्रिटनमध्ये आले. १९३४ मध्ये त्यांनी स्कॉटलंडमध्ये गॉर्डनस्टनची शाळा सुरू केली.

हान यांच्या विचाराला असलेली समुद्राची जोड दुसऱ्या महायुद्धात आणखी घट्ट झाली. पाणतीरांनी बुडवलेल्या व्यापारी जहाजांवरचे तरुण खलाशी वयस्क खलाशांच्या आधी धीर सोडतात, असे ब्लू फनेल या जहाज कंपनीचे लॉरेन्स होल्ट यांच्या लक्षात आले होते. अंगात ताकद असूनही तरुण मुलेच आधी दगावत. होल्ट आणि हान यांनी १९४१ मध्ये वेल्सच्या अॅबरडोव्ही गावी तरुणांसाठी एक महिन्याचे प्रशिक्षण सुरू केले. जगभर पसरलेल्या 'आउटवर्ड बाउंड'चा आरंभ तो. संकटात टिकायचे बळ वर्गात बसून येत नाही, ते खऱ्या जबाबदारीतून येते, अशी हान यांची धारणा होती.

१९५५ मध्ये एअर मार्शल सर लॉरन्स डार्व्हॉल यांनी त्यांना पॅरिसच्या नाटो संरक्षण महाविद्यालयात भाषणासाठी बोलावले. दहाच वर्षांपूर्वी एकमेकांवर बंदुका रोखलेल्या देशांचे अधिकारी तिथे एकाच टेबलाशी बसून काम करत होते. प्रौढ सैनिकांना हे जमते, तर सोळा वर्षांच्या मुलांना का जमू नये? मते घट्ट होण्याआधीच्या वयात वेगवेगळ्या देशांची मुले दोन वर्षे एका छताखाली राहिली, तर काय होईल? हान आणि डार्व्हॉल या कल्पनेच्या मागे लागले. आंतोनँ बेस या उद्योगपतीने सेंट डोनॅट्सचा किल्ला विकत घेऊन शाळेला दिला. पहिले मुख्याध्यापक झाले नौदलातून निवृत्त झालेले रिअर अॅडमिरल डेस्मंड होअर.

होअर यांनी मुलांच्या हाती समुद्र दिला. किनाऱ्यावरच्या बचावाचे काम शाळेने अंगावर घेतले आणि १९६३ मध्ये ब्रिटनच्या शाही जीवरक्षक नौका संस्थेचे केंद्रच शाळेत सुरू झाले. त्या केंद्रावर दुपारी पाळी असलेला मुलगा सकाळी वर्गात गणित सोडवत असे. १९६९ मध्ये नॉर्वेची एक अठरा वर्षांची विद्यार्थिनी या संस्थेच्या किनारी बचावनौकेचे नेतृत्व करण्यास पात्र ठरलेली पहिली स्त्री झाली. शाळेत मुलींना प्रवेश मिळून तेव्हा दोनच वर्षे झाली होती.

नौकेतही सुधारणा हवी होती. हवा भरलेल्या रबरी होड्या हलक्या आणि स्थिर असत, पण गोट्यांच्या किनाऱ्यावर घासून त्यांचा तळ फाटे. होअर आणि विद्यार्थ्यांनी शाळेच्या कार्यशाळेत वर्षानुवर्षे खटपट करून खाली कडक तळ आणि भोवती हवेच्या नळ्या अशी होडी घडवली. जगभरचे तटरक्षक, मासेमार आणि नौदले आज ज्या होड्या वापरतात, त्यांची ही पूर्वज. तिचे हक्क होअर यांनी जीवरक्षक संस्थेला एका पौंडाला दिले आणि त्या पौंडाचा धनादेशही वटवला नाही. या होड्यांच्या वर्गाला संस्थेने 'अटलांटिक' हेच नाव दिले.

परीक्षेचा प्रश्न सुटला तो त्यानंतर. पहिली काही वर्षे मुले ब्रिटिश 'ए लेव्हल'चाच अभ्यास करत, पण ती परीक्षा प्रत्येक देशात चालतेच असे नव्हते. १९६८ मध्ये जिनिव्हात इंटरनॅशनल बॅकलॉरिएटची, म्हणजे आयबीची संस्था स्थापन झाली. तिचे पहिले महासंचालक अॅलेक पीटरसन हे हान यांच्या कामाशी जवळून परिचित होते. १९७१ मध्ये अटलांटिक कॉलेजने राष्ट्रीय परीक्षा पूर्ण सोडून आयबी स्वीकारली. सहा विषय, ज्ञानाचा उगम तपासणारा एक अभ्यासक्रम आणि चार हजार शब्दांपर्यंतचा स्वतंत्र निबंध अशी तिची बांधणी आहे. त्यासोबत आजही सर्जन, शारीरिक उपक्रम आणि सेवा अनिवार्य आहेत. हे अंग गुणपत्रिकेत भर घालत नाही, पण ते पुरे केल्याशिवाय पदविका मिळत नाही. ४५ पैकी मिळालेल्या गुणांचा गवगवा करताना नेमके हेच विसरले जाते.

पुढे या शाळांची साखळी युनायटेड वर्ल्ड कॉलेजेस, म्हणजे यूडब्ल्यूसी या नावाने वाढली. १९७४ मध्ये कॅनडात पिअरसन कॉलेज उभे राहिले. तेव्हाच्या स्वाझीलंडमध्ये वॉटरफर्ड काम्हलाबा ही शाळा १९६३ पासूनच शेजारच्या दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाला आव्हान देत सर्व वंशांची मुले एकत्र शिकवत होती. नेल्सन मंडेला तुरुंगात असताना त्यांच्या मुली तिथे शिकल्या. १९८१ मध्ये ती शाळा या साखळीत आली आणि पुढे मंडेला यूडब्ल्यूसीचे अध्यक्ष झाले. युद्धात दुभंगलेल्या बोस्नियातल्या मोस्तार शहरात २००६ मध्ये शाळा निघाली, तीही याच विचाराने.

ही साखळी १९९७ मध्ये पुणे जिल्ह्यात पोचली. हरीश महिंद्र यांच्या पुढाकाराने मुळशी तालुक्यात पौडजवळच्या एका टेकडीवर महिंद्र यूडब्ल्यूसी सुरू झाले. वास्तुरचना पुण्यात स्थायिक झालेले अमेरिकी वास्तुविशारद क्रिस्टोफर बेनिंजर यांची. ज्या तालुक्यात १९२१ मध्ये धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी मावळ्यांनी सत्याग्रह केला आणि पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले, त्याच तालुक्यात आज अनेक देशांची दोनशेहून अधिक मुले राहतात. इथे समुद्र नाही. इथली सेवा खोऱ्यातल्या गावांशी आणि टेकडीवरच्या जैवविविधतेशी जोडलेली आहे.

अडचणही खरीच. अशा शिक्षणाचा खर्च मोठा असतो. यूडब्ल्यूसीत मुलांची निवड मुख्यतः देशोदेशीच्या राष्ट्रीय समित्या करतात आणि शिष्यवृत्ती कुटुंबाच्या गरजेनुसार दिली जाते. श्रीमंत आणि गरीब घरचे मूल शेजारी-शेजारी झोपावे, हाही मूळ योजनेचाच भाग होता. तो वगळून उरते ती महागडी निवासी शाळा.

म्हणून मुलाला दहावीनंतर अशा शाळेत घालण्याचा विचार करणाऱ्या पालकांना एक विनंती. जलतरण तलाव किती मोठा आहे आणि मागच्या वर्षी ४५ पैकी किती गुण पडले, हे जरूर विचारा. पण त्याआधी दोन प्रश्न विचारा: इथली मुले कोणासाठी काय करतात, आणि ती ज्यांच्या उपयोगी पडतात त्या माणसांना भेटता येईल का? सेंट डोनॅट्समध्ये या प्रश्नांचे उत्तर किनाऱ्यावरच होते: शाळेचे जीवरक्षक केंद्र तिथे पन्नास वर्षे, २०१३ पर्यंत चालले.