मागच्या चाकाचे दोन आकडे

पौडला, पिरंगुटला हवा भरायला थांबलं की दुकानदार विचारतो, "ताई, किती टाकू?" आपण म्हणतो, "टाका नेहमीएवढी." खरा आकडा तर गाडीच्या स्टिकरवर नाहीतर पुस्तिकेत असतो. तिथं मागच्या चाकाला बहुधा दोन आकडे दिसतील, एकटीसाठी एक आणि डबलसीटला दुसरा. असं का?

त्यासाठी इटलीत जावं लागेल. १९४६ साली तिथल्या पियाजिओ कंपनीनं व्हेस्पा स्कूटर आणली. ती आखणारा दास्कानिओ विमानांचा इंजिनियर. त्यानं चाकं अगदी लहान, आठ इंची घेतली, इंजिन मागच्या चाकाशी बसवलं आणि पुढं पाय ठेवायला मोकळी जागा सोडली. आज साडी नेसून स्कूटर चालवता येते ती या जागेमुळंच! पण इंजिनाचा भार मागं गेला. त्यात मागं बसणाऱ्याचं ओझंही बहुतेक मागच्याच चाकावर. म्हणून पुढच्यापेक्षा मागं हवा जास्त, आणि डबलसीटला त्याहून जास्त.

हीच घडण आपल्या आकुर्डीत आली. पियाजिओशी करार करून बजाज व्हेस्पा बनवू लागले, मग १९७२ मध्ये दहा इंची चाकांची चेतक निघाली. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची, आणि गाडी आली की सगळं घर तिच्यावर. पुढं एक पोर उभं, दुसरं आईच्या मांडीवर. आई मागं एका अंगानं बसलेली. हवा किती, हे तिला कोण विचारणार? १९८४ मध्ये पुण्याच्या कायनेटिकनं होंडाबरोबर बटणावर चालू होणारी, बिनगियरची स्कूटर काढली, तेव्हा कितीतरी जणींच्या हाती हँडल आलं.

आता हवेचं बघणंही आपल्याकडंच आलं. लहान चाकात हवा थोडीच मावते, त्यामुळं जराशी गेली तरी फरक पडतो. मागं हवा कमी असली की ताम्हिणीच्या वळणावर गाडी झुलते, टायर तापतं. गच्च भरली तर खडीवर उडते, ओल्या रस्त्यावर पकड सुटते. पावसाळ्यात हवा कमी ठेवावी म्हणतात, ते ऐकू नका.

हवा सकाळी, गाडी पळवण्याआधी तपासा. तापलेल्या टायरचा आकडा चढा दिसतो. स्टिकरवर 'पीएसआय' म्हणजे दुकानातला पाऊंड. किलोत लिहिलं असेल तर १ किलोला साधारण १४ पाऊंड धरा. आणि मागं माणसाऐवजी तांदळाचं पोतं असलं, तरी डबलसीटचाच आकडा सांगा.