चोर सोडून संन्याशाला

२१ जानेवारी २०२४ ची रात्र. अयोध्येतल्या प्राणप्रतिष्ठेला काही तास उरले होते. मीरा रोडच्या नया नगरमधून भगवे झेंडे लावलेल्या गाड्या निघाल्या, घोषणा झाल्या, बाचाबाची झाली आणि जमावानं गाड्यांवर हल्ला केला. माणसं जखमी झाली. पोलिसांनी गुन्हे नोंदवले, काहींना अटक केली. इथपर्यंतचं सगळं कायद्याच्या पुस्तकात बसतं. पण २३ तारखेला महापालिकेचे बुलडोझर नया नगरात शिरले आणि पोलीस बंदोबस्तात सुमारे १५ बांधकामं पाडून गेले. कारण एका शब्दाचं: अनधिकृत.

मीरा-भाईंदरकराला हा शब्द ऐकून हसूच येईल. फुटपाथवर पुढे सरकलेलं दुकान, पत्र्याची शेड, वाढवलेली पायरी आपल्या शहरात कुठल्या रस्त्यावर नाही? तेव्हा ती पंधराही अनधिकृत असतील, मान्य. पण हीच पंधरा का, आणि याच आठवड्यात का? दगड मारणाऱ्याचं नाव एफआयआरमध्ये असतं. शेडनं कुणाला मारलं होतं?

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं आपण सहज म्हणून जातो. त्या फाशीनंतर गावाला हलकं का वाटतं, हे मात्र ती म्हण सांगत नाही. रने जिरार या फ्रेंच विचारवंतानं जवळजवळ सगळं आयुष्य त्याच प्रश्नावर घालवलं. १९२३ साली नाताळच्या दिवशी आव्हीन्योंमध्ये जन्म, अमेरिकेत प्राध्यापकी, २०१५ साली मृत्यू. त्याचं म्हणणं असं की माणूस इच्छासुद्धा उसनी घेतो. मित्राच्या हातात नवा फोन दिसला की आपला कालपर्यंत बरा असलेला फोन जुना वाटू लागतो, तसं. दोघांना एकच गोष्ट हवी झाली की भांडण लागतं, आणि भांडता भांडता दोघं एकमेकांची इतकी नक्कल करतात की मूळ वस्तू बाजूलाच राहते. तुझी घोषणा तर माझी त्याहून मोठी. हा राग साथीसारखा पसरतो आणि शेवटी उलटून मारू न शकणाऱ्या कुणावर तरी एकवटतो. तो संपला की सगळे एक होतात. वातावरण निवळतं.

‘बळीचा बकरा’ याच नावाचं त्याचं पुस्तक १९८२ साली आलं. (बायबलमधला मूळ बकरा मारत नसत, बरं का. लोकांची पापं त्याच्या डोक्यावर लादून त्याला रानात हाकलून देत.) पुस्तकाची सुरुवात चौदाव्या शतकातल्या गियोम द माशो या फ्रेंच कवीपासून होते. ज्यूंनी पाण्यात विष कालवलं म्हणून माणसं मेली, असं हा कवी मनापासून लिहितो. जिरार म्हणतो, मारणाऱ्यांनी लिहिलेल्या गोष्टीत बळी नेहमी दोषीच असतो. येशूच्या मरणाची गोष्ट त्याला वेगळी वाटली ती यासाठी की तिथं गर्दी तीच, आरोप तसलेच, पण सांगणारा बळीच्या बाजूला उभा आहे.

त्या गोष्टीतला पिलात हा रोमन सुभेदार मला नया नगरसाठी महत्त्वाचा वाटतो. तो क्रूर म्हणून पुढे येत नाही. या माणसात दोष नाही हे त्याला दिसतं, पण बाहेर दंगल होईल याची धास्ती असते. म्हणून ज्याच्या हातात न्याय आहे तोच गर्दीच्या मागे जातो आणि वर हात धुतो. लूकच्या शुभवर्तमानात एक बारीक नोंद आहे: एरवी वैर असलेले हेरोद आणि पिलात त्या दिवशी मित्र झाले.

सरकारनं नक्कल करायची ती गर्दीची, आणि शिवाय दुसऱ्या सरकारची. एप्रिल २०२२ मध्ये मध्य प्रदेशातलं खरगोन, त्याच महिन्यात दिल्लीतली जहांगीरपुरी, ऑगस्ट २०२३ मध्ये हरियाणातलं नूह. आधी दंगल, मग बुलडोझर, मग व्हिडिओ. मीरा रोडला हा साचा तयार मिळाला. तोही अशा वस्तीत, जिथं १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतली कितीतरी मुस्लिम कुटुंबं जीव वाचवायला आली. श्रीकृष्ण आयोगानं त्या दंगलीतले ९०० मृत्यू मोजले. त्यात ५७५ मुसलमान, २७५ हिंदू.

बळी देऊन आलेली शांतता फार टिकत नाही, असंही जिरार सांगतो. दीड वर्षात शहर वेगळ्याच रेषेवर फाटलं. मराठी बोलण्यावरून मनसेच्या कार्यकर्त्यांनी मीरा रोडच्या एका दुकानदाराला मारलं. ३ जुलै २०२५ ला व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवून मोर्चा काढला, ८ तारखेला उत्तर म्हणून मराठी मोर्चा. मोर्च्याला मोर्चा.

मधल्या काळात, १३ नोव्हेंबर २०२४ ला, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला होता. न्यायमूर्ती भूषण गवई आणि के. व्ही. विश्वनाथन यांनी सांगितलं की आरोपी आहे म्हणून घर पाडता येणार नाही; १५ दिवसांची नोटीस हवी, नियम मोडले तर भरपाई अधिकाऱ्याच्या खिशातून. मात्र रस्त्यावरच्या, फुटपाथवरच्या अनधिकृत बांधकामांना हे संरक्षण नाही. म्हणजे शेडवाल्याचा प्रश्न जिथल्या तिथं.

ख्रिस्ती विचाराचा आधार घेताना एक हिशेब चुकता करायला हवा. ही गोष्ट तोंडपाठ असलेल्या पोर्तुगीजांनीच १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन बसवलं, आणि मधला थोडा काळ सोडला तर ते १८१२ पर्यंत चाललं. आपलं उत्तन, डोंगरीही १७३९ पर्यंत त्यांच्याच ताब्यात होतं. चिमाजी अप्पांच्या फौजेनं इथला धारावीचा किल्ला घेतला आणि मग वसई. गोष्ट माहीत असून माणसं तेच करतात. जिरार स्वतः कॅथलिक, तरी त्यानं हे झाकलं नाही.

गुड फ्रायडेला अनेक चर्चमध्ये योहानाचं दुःखसहन वाटून वाचतात. येशूचं बोलणं बहुधा धर्मगुरूकडे, निवेदन एका वाचकाकडे. त्याला क्रुसावर द्या, ही गर्दीची मागणी मात्र बाकांपाशी उभ्या सगळ्यांनी मिळून, मोठ्यानं म्हणायची असते.