दुग्धव्यापार आणि विकसनशील देश : पुणे जिल्ह्याचा अनुभव

शेतमालाच्या जागतिक व्यापारात दूध हा विकसनशील देशांच्या दृष्टीने सर्वांत नाजूक विषय आहे. पुण्याच्या दक्षिणेस सातारा रस्त्यावर कात्रज येथे पुणे जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची डेअरी आहे. 1960 साली स्थापन झालेल्या या संघाचे दूध ‘कात्रज’ याच नावाने विकले जाते. गावची दूध संस्था दोन-चार जनावरे असलेल्या शेतकऱ्यांकडून सकाळ-संध्याकाळ दूध घेते आणि फॅट व एसएनएफ (स्निग्धांश वगळून दुधातील इतर घनपदार्थ) पाहून दर लावते. याउलट न्यूझीलंडमधील गोठ्यांत शेकडो गाई असतात आणि तेथील बहुतांश दूध निर्यातीसाठीच असते. जागतिक बाजारात हे दोन उत्पादक एकाच भावाला बांधले जातात.

भारताचा या बाजाराशी मोठा संबंध मदतीच्या रूपाने आला. युरोपात साचलेली 1,26,000 टन दूध भुकटी आणि 42,000 टन बटर ऑइल जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत भारताला मिळाले आणि 1970 मध्ये दूध महापूर योजना सुरू झाली. फुकट आलेला माल स्वस्तात वाटला असता, तर देशी दुधाचा भाव पडला असता. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने त्यापासून दूध तयार करून ते बाजारभावाने विकले आणि तो पैसा सहकारी संघांच्या उभारणीत घातला. परकीय मदतीचा इतका हिशेबी वापर क्वचितच झाला असेल.

जागतिक व्यापार संघटनेच्या स्थापनेनंतर प्रश्न उलटा झाला. जुन्या बांधिलकीमुळे दूध भुकटीवर आयातशुल्क लावण्यास भारताला वावच नव्हता, आणि युरोप-अमेरिकेची अनुदाने चालूच होती. फेरवाटाघाटींनंतर 10,000 टनांपर्यंतच्या आयातीवर 15 टक्के आणि त्यापुढे 60 टक्के शुल्क ठरले. श्रीमंत देशांची निर्यात अनुदाने बंद करण्याचा निर्णय मात्र 2015 च्या नैरोबी परिषदेपर्यंत रखडला.

शुल्काची भिंत आयात थोपवते, भाव मात्र सावरत नाही. याचे कारण भुकटीत आहे. हिवाळ्यातील पुष्ट काळात विक्रीपेक्षा जास्त दूध येते; ते आटवून भुकटी व लोणी करावे लागते. शंभर लिटर गाईच्या दुधातून साधारण साडेआठ ते नऊ किलो भुकटी निघते, आणि ती कोणत्या भावाने खपेल यावर गावातला दर हलतो. 2015 मध्ये युरोपीय संघाने दूध उत्पादनावरील कोटा उठवला. तेथे भुकटीचे साठे वाढले आणि भाव कोसळले. भारतीय भुकटीची निर्यात परवडेनाशी झाली. राज्य सरकारने 2017 मध्ये गाईच्या दुधाला प्रतिलिटर 27 रुपये दर जाहीर केला होता, तरी पुढच्या वर्षी अनेक ठिकाणी शेतकऱ्याला 17 ते 20 रुपयेच मिळत होते. जुलै 2018 मध्ये स्वाभिमानी शेतकरी संघटनेने राजू शेट्टी यांच्या नेतृत्वाखाली दूध रोखले. 25 रुपये दर व लिटरमागे 5 रुपये अनुदान या घोषणेनंतर आंदोलन मिटले. 2020 मध्ये टाळेबंदीने हॉटेले व मिठाईची दुकाने बंद असतानाच केंद्राने 15 टक्के शुल्काच्या 10,000 टन भुकटी आयातीची अधिसूचना काढली, आणि पुन्हा दूध रस्त्यावर ओतले गेले. त्या वेळी दर पाडण्यास आयातीपेक्षा घटलेला खप अधिक कारणीभूत होता, पण रोष आयातीवर निघाला, हे समजण्यासारखे आहे.

व्यापार करारांतही दूध कळीचे ठरले. 4 नोव्हेंबर 2019 रोजी बँकॉक येथे भारताने ‘आरसेप’ या आशिया-पॅसिफिक देशांच्या मुक्त व्यापार करारातून माघार घेतली. न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियाच्या दुग्धपदार्थांची धास्ती हे त्याचे एक प्रमुख कारण होते. ऑस्ट्रेलियाशी 2022 मध्ये आणि ब्रिटनशी 2025 मध्ये झालेल्या करारांत दूध सवलतींबाहेर ठेवले गेले. या भूमिकेची किंमतही मोजावी लागली. गाईंना मांसजन्य खाद्य दिलेले नाही असा दाखला भारत मागतो. यावर अमेरिकी दुग्धउद्योगाने तक्रार केली आणि जून 2019 मध्ये भारताची अमेरिकेतील शुल्कसवलत संपण्यामागे ही तक्रार एक कारण होती.

निर्यातीच्या वाटेवर शुल्कापेक्षा आरोग्यविषयक निकष अधिक आडवे येतात. जगातील सुमारे एक चतुर्थांश दूध भारतात होते, तरी जागतिक निर्यातीत त्याचा वाटा नगण्य आहे. प्रतिजैविकांचे अंश, चाऱ्यातील बुरशीमुळे दुधात उतरणारे अफ्लाटॉक्सिन आणि लाळ्या-खुरकूत रोग हे मुख्य अडथळे आहेत. यांपैकी लाळ्या-खुरकूत रोगाच्या निर्मूलनासाठी 2019 मध्ये राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रम सुरू झाला असून त्याचे उद्दिष्ट 2030 पर्यंतचे आहे.