नकाराच्या छटा आणि संघटनेचा हक्क

इंग्रजी भाषेत एकाच अर्थाचे म्हणून खपून जाणारे नकारार्थी शब्द पुष्कळ आहेत. कोश उघडावा, तर ‘अनलॉफुल’पुढे ‘इल्लीगल’ लिहिलेले असते आणि ‘इल्लीगल’पुढे ‘अनलॉफुल’. मराठीत आपण दोहोंनाही ‘बेकायदेशीर’ म्हणून मोकळे होतो. श्रोत्यांपैकी कोणी म्हणेल, की हा विषय वैयाकरणांचा. कामगार चळवळीतल्या माणसाने यात कशाला पडावे? आमचे उत्तर असे, की अशा शब्दांच्या अर्थापायी इंग्लंडातील कामगारांना एकदा पैपैसा करून जमविलेल्या निधीवर पाणी सोडण्याची वेळ आली होती, आणि तो अर्थ नीट बांधून घेण्यासाठी त्यांना पार्लमेंटचे दार ठोठवावे लागले. पार्लमेंटने घातलेला तो बांध पुढे आपल्याकडच्या कायद्यातही उतरला. तेव्हा हा विषय जितका कोशाचा, तितकाच पोटाचा आहे.

प्रथम शब्दांची कुळे पाहू. इंग्रजीतील ‘अन्’ हा नकार तिच्या घरचा, जुना. ‘इन्’ आणि त्याचीच ‘इल्’, ‘इम्’, ‘इर्’ ही रूपे लॅटिनची; १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंचच्या वाटेने आणि विद्वानांच्या लेखणीतून ती आली. ‘डिस्’ही लॅटिनचाच, तर ‘अमॉरल’ या शब्दातला ‘अ’ ग्रीक. एकाच घरात इतके नकार नांदू लागल्यावर जोडशब्द तयार होणे ओघानेच आले. परंतु एका कामाला दोन चाकर भाषा फार दिवस पोसत नाही. ती त्यांना कामे वाटून देते. ‘नॉन-ह्यूमन’ म्हणजे नुसते मनुष्येतर, त्यात निंदा नाही. ‘इनह्यूमन’ म्हणजे माणुसकीशून्य. ‘इम्मॉरल’ माणूस नीती मोडतो. ‘अमॉरल’ माणसाच्या लेखी नीतीचा प्रश्नच उद्भवत नाही. न्यायाधीश ‘डिसइंटरेस्टेड’ असावा, म्हणजे निकालात त्याचा स्वतःचा स्वार्थ गुंतलेला नसावा. तो ‘अनइंटरेस्टेड’ असला, तर वकील बोलत असताना डुलक्या काढील! गंमत अशी, की सतराव्या शतकात हे दोन शब्द जवळजवळ उलट अर्थांनी वापरलेले आढळतात. म्हणजे अर्थ उपसर्गाच्या पोटात जन्मतःच नसतो. तो वापराने ठरतो, आणि वापर कोण ठरवितो हा प्रश्न उरतोच.

हे मराठी माणसाला परके वाटू नये. गिरणी बंद पडली म्हणजे कामगार बेकार होतो, तो निकामी होत नाही. मालकाने दोन्ही शब्द एकाच मापाने वापरले, तर आपण लगेच हरकत घेऊ.

आता इतिहासाकडे वळू. १७९९ आणि १८०० या वर्षी पार्लमेंटने केलेल्या कायद्यांनी मजुरीवाढीसाठी कामगारांनी एकत्र येणे हाच गुन्हा ठरविला. १८२४ साली ते कायदे रद्द झाले, १८२५ साली काही बंधने परत आली. परंतु संघटना करणे हा गुन्हा उरला नाही. असे असताना १८३४ साली डॉर्सेट परगण्यातील टॉलपडल या खेड्यातल्या सहा शेतमजुरांना सात वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा होऊन ऑस्ट्रेलियाकडे धाडण्यात आले. त्यांची संघटना गुन्हेगारीची नव्हती, मग गुन्हा कोणता? सभासद करून घेताना त्यांनी गुप्त शपथ दिली होती. आरमारातील बंडानंतर १७९७ साली ‘अनलॉफुल’ शपथांविरुद्ध एक कायदा झाला होता. खलाशांसाठी विणलेले ते जाळे शेतमजुरांवर टाकण्यात आले. देशभर ओरड झाल्यावर १८३६ साली त्यांना माफी मिळाली.

त्याहून बोधप्रद प्रकरण १८६७ सालचे. बॉयलर तयार करणाऱ्या कामगारांच्या संघटनेच्या ब्रॅडफर्ड येथील शाखेच्या खजिनदाराने चोवीस पौंड दडपून ठेवले. संघटना आजारपण आणि मृत्यू यांसाठी सभासदांना मदत देई, आणि तिने आपले नियम परस्परसाह्य मंडळांच्या कायद्याखाली दाखल केले होते. १८५५ च्या त्या कायद्याने मंडळाचा पैसा खाणाऱ्याविरुद्ध सोपा उपाय दिला होता, आणि जे कोणते मंडळ ‘इल्लीगल’ नसलेल्या हेतूने स्थापलेले असेल त्याला तो लागू होता. संघटनेने त्या आधारे दाद मागितली. स्थानिक न्यायाधीशांनी ती फेटाळली. प्रकरण लंडनला वरिष्ठ न्यायालयात गेले आणि ‘हॉर्नबी विरुद्ध क्लोज’ या नावाने प्रसिद्ध झाले. सरन्यायाधीश कॉकबर्न आणि त्यांचे सहकारी यांनी निर्णय दिला, की संघटनेचे नियम संपाला पाठबळ देणारे, म्हणून व्यापारउदिमाला अडथळा आणणारे आहेत. सबब तिला या कायद्याचे संरक्षण नाही. आणि न्यायाधीशांनी खुलासाही केला, की संघटना गुन्हेगार आहे असे आमचे म्हणणे नाही.

या खुलाशातच सारी मेख आहे. संघटना ‘क्रिमिनल’ नव्हती; पण ‘इल्लीगल नसलेली’ या वर्गातही ती बसेना. म्हणजे सभासदांना तुरुंगात घालता येत नव्हते, परंतु त्यांचा पैसा खाणाऱ्याकडून तो वसूल करण्याचा मार्गही त्यांना मोकळा नव्हता. ‘बेकायदेशीर’ या एकाच शब्दाच्या दोन पायऱ्या होत्या. वरच्या पायरीवरून कामगार सुटला आणि खालच्या पायरीवर अडकला. विधवांच्या, आजाऱ्यांच्या मदतीसाठी आठवड्याआठवड्याला दिलेल्या वर्गणीचे रक्षण करायला कायदा तयार नव्हता. देशभरच्या संघटना हादरल्या त्या यामुळे. १८६७ सालीच शहरांतील पुष्कळ कामगारांना मताधिकार मिळाला होता, १८६८ साली मँचेस्टरला कामगार संघटनांची पहिली काँग्रेस भरली, आणि हा प्रश्न पार्लमेंटपुढे आला.

१८७१ च्या ट्रेड युनियन कायद्याची रचना पाहण्यासारखी आहे. ‘संघटना कायदेशीर आहे’ असे सरळ वाक्य लिहून कायदेपंडित थांबले नाहीत. दुसऱ्या कलमात त्यांनी म्हटले, की केवळ व्यापाराला अडथळा होतो एवढ्या कारणाने संघटनेचे हेतू सभासदावर फौजदारी खटला होईल अशा अर्थाने ‘अनलॉफुल’ समजले जाणार नाहीत. तिसऱ्यात म्हटले, की त्याच कारणाने तिचे करार आणि विश्वस्त निधी ‘व्हॉइड’ किंवा ‘व्हॉइडेबल’ होतील अशाही अर्थाने ते ‘अनलॉफुल’ ठरणार नाहीत. ‘व्हॉइड’ म्हणजे मुळातच रद्द. ‘व्हॉइडेबल’ म्हणजे एका पक्षाने मोडले तर मोडणारे, एरवी उभे राहणारे. आणि चौथ्या कलमात आणखी एक बारकावा: सभासदांमधील काही करार न्यायालयात बजावून घेता येणार नाहीत, मात्र तेवढ्याने ते ‘अनलॉफुल’ होत नाहीत. गुन्हा, रद्द, रद्द होण्याजोगे, बजावता न येणारे असे चार निरनिराळे नकार या कलमांनी वेगळे करून ठेवले. नकाराला नुसते नाव न देता त्याचा परिणाम काय, हे त्यांनी लिहिले.

तरीही एक दार बंद केले की दुसरे उघडे सापडे. १८७२ साली लंडनच्या गॅस कारखान्यांतील संपकऱ्यांपैकी पाच जणांना कटाच्या आरोपाखाली बारा महिन्यांची शिक्षा झाली. म्हणून १८७५ साली कायदा करावा लागला, की जे कृत्य एकट्याने केले तर गुन्हा नाही, ते औद्योगिक तंट्यात अनेकांनी मिळून केले तरी गुन्ह्याचा कट होत नाही. मग १९०१ साली टॅफ व्हेल रेल्वेच्या खटल्यात असे ठरले, की संप गुन्हा नसला तरी त्यामुळे झालेल्या नुकसानीबद्दल संघटनेवर दिवाणी दावा चालेल. रेल्वे कामगारांच्या संघटनेला भरपाईचे तेवीस हजार पौंड, आणि खर्च धरून सुमारे बेचाळीस हजार पौंड भरावे लागले. तेही दार १९०६ च्या कायद्याने बंद झाले.

हिंदुस्थानात हाच धडा नव्याने गिरवावा लागला. १८६० च्या दंडसंहितेने ‘इल्लीगल’ची व्याख्या तीन कप्प्यांत केली होती: जे गुन्हा आहे ते, जे कायद्याने मना केले आहे ते, आणि ज्यावरून दिवाणी दावा लागतो ते. संघटना गुन्हा नव्हती. पण तिसऱ्या कप्प्यातून तिच्यावर हात टाकता येत होता. मद्रासच्या बकिंगहॅम गिरणीच्या तंट्यात तेथील उच्च न्यायालयाने बी. पी. वाडिया प्रभृती कामगार पुढाऱ्यांना मनाई हुकूम बजावला, तो याच वाटेने. लगोलग, मार्च १९२१ मध्ये, मुंबईचे कामगार पुढारी ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती विधिमंडळात संघटनांची नोंदणी आणि संरक्षण यांसाठी कायदा करण्याचा ठराव मांडला. त्यातून १९२६ चा ट्रेड युनियन कायदा झाला. त्यात फौजदारी कटापासून, दिवाणी दाव्यापासून आणि करार ‘व्हॉइड’ होण्यापासून अशी तीन स्वतंत्र संरक्षणे तीन स्वतंत्र कलमांत होती. ब्रॅडफर्डच्या त्या चोवीस पौंडांची सावली या कलमांवर स्पष्ट दिसते.

स्वातंत्र्यानंतर आणखी एक जोडी पुढे आली. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने संप ‘इल्लीगल’ केव्हा होतो हे सांगितले; न्यायालयांनी त्याच्या शेजारी ‘अनजस्टिफाइड’ हा दुसरा शब्द उभा केला. नोटीस दिली नाही, मुदत पाळली नाही, तर संप अवैध. मागणी अवास्तव असली किंवा हिंसा झाली, तर नियम पाळूनही तो असमर्थनीय ठरू शकतो. पहिला प्रश्न कायद्याच्या पुस्तकाचा, दुसरा वस्तुस्थितीचा. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सिंडिकेट बँकेच्या प्रकरणात सांगितले, की संपाच्या काळातील पगार हवा असेल तर संप वैधही हवा आणि समर्थनीयही हवा. एका शब्दाची परीक्षा उत्तीर्ण होऊन भागत नाही. मालकाची नोटीस मात्र फलकावर लागते ती ‘बेकायदेशीर संप’ एवढेच म्हणून, आणि त्या एका शब्दाने अर्धा जमाव घरी जातो. हे आम्ही अनेकदा पाहिले आहे.

१९२६ आणि १९४७ च्या त्या कायद्यांचा विषय २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत एकत्र करण्यात आला. कायदे बदलतात, कलमांचे क्रमांक बदलतात. नकाराची ही जात बदलत नाही. म्हणून श्रोत्यांना आमचे एवढेच सांगणे आहे, की कोणी तुमच्या कृतीला नकारार्थी विशेषण लावले, तर घाबरून जाऊ नये आणि उगाच चिडूही नये. शांतपणे विचारावे: बेकायदेशीर म्हणजे कोणत्या अर्थाने? तुरुंग होईल? भरपाई द्यावी लागेल? करार रद्द होईल? की नुसता पगार कापला जाईल? जो या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही, त्याला त्या शब्दाचा अर्थ ठाऊक नाही, मग तो कितीही अस्खलित इंग्रजी बोलत असो. ब्रॅडफर्डच्या त्या कामगारांना हा प्रश्न सुचविण्यासाठी आपला निधी पणाला लावावा लागला. आपल्याला तो विचारण्यासाठी फक्त तोंड उघडायचे आहे.