कराडची लेणी, कोल्हापूरचा समुद्रदेव, मिरजेचं इस्पितळ

आपल्याकडे इतिहासाची सहल म्हणजे किल्ला. किल्ला पाहायलाच हवा, पण सातारा-सांगली भागात एका दिवसात दोन हजार वर्षं पाहता येतात, हे फारसं कुणी सांगत नाही. शिक्षक म्हणून मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण "सर, आपण औरंगजेबाबरोबर आलो का?" हा प्रश्न मला दर दोन-चार वर्षांनी एखादा विद्यार्थी विचारतोच. तो घरी शिकलेला नसतो, बाहेर ऐकलेला असतो. त्याचं उत्तर नुसत्या तारखांनी पटत नाही, वाट दाखवावी लागते.

म्हणून गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघे मास्तर भल्या पहाटे फजरनंतर निघालो आणि आधी कराडजवळच्या जखिणवाडीला गेलो. गावामागच्या आगाशिवाच्या डोंगरात साठाहून अधिक बौद्ध लेणी आहेत. अजिंठ्यासारखी चित्रं इथे नाहीत. लहान खोल्या, दगडी ओटे, साधे स्तूप. वर्षावासात भिक्खू राहत, एवढाच थाट. पण कराड तेव्हा लहान गाव नव्हतं. मध्य प्रदेशातल्या भरहुत स्तूपावर 'करहाकट' नगरीने दिलेल्या दानाचा लेख आहे. इ.स.पूर्व काळात इथले लोक इतक्या लांब दान पाठवत होते, म्हणजे पैसा होता, आणि पैसा व्यापारातून येत होता.

तो व्यापार कुठला, हे कोल्हापुरात कळतं. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकाडावर 1945-46 मध्ये ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केलं. सातवाहन काळातली वस्ती सापडली. याच टेकाडातून रोमन काश्याच्या वस्तूही मिळाल्या. त्यातली पोसायडन या समुद्रदेवाची मूर्ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. उंची वीतभरही नाही. समुद्र इथून कितीतरी कोस दूर, मध्ये सह्याद्री, आणि तरी रोमचा समुद्रदेव पंचगंगेच्या काठावर! महाराष्ट्रात रोमन इमारतींचे अवशेष नाहीत, खांब नाहीत, रंगमंडप नाहीत. आपल्याकडे रोम आलं ते व्यापाऱ्याच्या गाठोड्यातून. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या काही खांबांवर 'धेनुकाकट'च्या यवनांनी दान दिल्याचे लेख आहेत. म्हणजे परदेशी माणूस इथे माल विकून नुसता परत गेला नाही, काही जण इथल्या धर्मकार्यात सामील झाले.

ही गलबतं यायची ती मोसमी वाऱ्यांवर. 'मोसम' हा शब्द मूळ अरबी, 'मौसिम'. त्यावरूनच मान्सून. अरब दर्यावर्दी हे वारे इस्लामच्या कितीतरी आधीपासून जाणत होते. पुढे ते मुसलमान झाले, पण समुद्र तोच, बंदरं तीच. इ.स. 916 च्या सुमारास अल-मसूदी हा प्रवासी चौलला आला, तेव्हा तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचं त्याने लिहून ठेवलंय. औरंगजेबाच्या जन्माआधी सातशे वर्षं! शिवाय इथल्या मातीतल्या कितीतरी कुळांनी पुढे हा धर्म स्वीकारला, ती तर कुठूनच आली नाहीत.

किनाऱ्यावरचा माल घाट चढून वर यायचा. चिपळूणहून कुंभार्ली घाटाने वर आलं की माणूस कराडलाच पोचतो. त्या कराडात सोळाव्या शतकातली आदिलशाही मशीद आहे. तिचे दोन मनोरे शंभर फुटांहून उंच आहेत. आत खांबांवर अरबी लेख कोरलेत. आम्ही ते बोट फिरवत वाचायचा प्रयत्न केला. थोडे लागले, थोडे चुन्याखाली बुजलेत. आपल्या मशिदींना रंग देताना कोरीव अक्षरांवर ब्रश फिरवू नये, एवढी विनंती सगळ्या जमातींना करावीशी वाटते.

दुपारनंतर मिरज. जुनं चर्च पाहायचं म्हणून बरेच जण महाबळेश्वरला जातात. तिथलं होली क्रॉस चर्च 1831 सालचं. मला मात्र मिरज अधिक बोलकी वाटते. डॉ. विल्यम वानलेस या प्रेस्बिटेरियन मिशनऱ्याने 1894 मध्ये इथे इस्पितळ उघडलं. तो धर्मप्रसारासाठी आला होता, हे लपवायचं कारण नाही. पण आसपासच्या जिल्ह्यांत त्याची आठवण राहिली ती बऱ्या झालेल्या रुग्णांमुळे. त्याच गावात ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांचा दर्गा आहे. उरुसाचा पहिला गलेफ चर्मकार समाजाचा असतो. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबरही याच आवारात आहे. आणि गावात तंबोरे-सतारी घडवणारी मुसलमान कारागीर घराणी आहेत, त्यांचे पूर्वज हत्यारांना धार लावणारे शिकलगार होते.

या सगळ्यात 'आपलं' काय आणि 'त्यांचं' काय, हे वेगळं काढायला बसलो तर हाती फार थोडं उरेल. लेणी भिक्खूंची, पण ज्या डोंगरात ती आहेत त्याच्या पायथ्याच्या गावात सगळेच राहतात. मनोरा आपला, पण तो दिसतो साऱ्या कराडला. आपल्या मुलांनी फक्त मनोऱ्याचा अभिमान बाळगला आणि लेण्यांकडे पाठ फिरवली, तर दुसऱ्यांनी मनोऱ्याकडे पाठ फिरवल्याची तक्रार आपण कोणत्या तोंडाने करणार?

जायचं असेल तर आगाशिव सकाळीच करा, चढ दमवतो आणि वर पाणी मिळेलच असं नाही. संग्रहालयाच्या सुटीचा वार आधी विचारून घ्या. आणि मुलांना सोबत न्या. पुस्तकातला धडा ती परीक्षेनंतर विसरतात, पण वीतभर उंचीचा समुद्रदेव विसरत नाहीत.