हौद, दर्जा आणि डांबर

मार्चमध्ये मागच्या अंगणातल्या पोहण्याच्या तलावाच्या तीन टाईल्स निखळून पाण्यात पडल्या. भारतातल्या नातेवाईकांना "आमच्याकडे तलाव आहे" असं सांगताना मला नेहमी संकोच वाटतो, कारण त्यांना काहीतरी राजेशाही वाटतं. खरं म्हणजे कॅलिफोर्नियात सॅन होजेला हे जुनं घर घेतलं तेव्हा तो घराबरोबर आला. म्हणजे गळका नळ आल्यासारखाच.

पाण्याच्या रेषेवर निळ्या टाईल्सचा एक पट्टा असतो, वीतभर उंचीचा. सगळं दुखणं तिथेच. पाणी वाफ होऊन जातं आणि त्यातला चुना टाईलवर पांढरा थर धरतो. तो दिसतो म्हणून आपण त्याच्याच मागे लागतो. पण खरी झीज दर्जांमध्ये होते. (आमच्या आजोळी गवंडी 'दर्जा भरणं' म्हणायचे, इथे त्याला ग्राऊट म्हणतात.) पाण्यात ॲसिड जास्त पडलं किंवा कॅल्शियम कमी झालं की ते पाणी दर्जांतल्या सिमेंटमधला चुना ओढून घेतं. मग दर्ज भुसभुशीत होते, टाईलमागे पाणी शिरतं.

दोन वर्षांपूर्वी मी गुडघे टेकून या सगळ्या दर्जा स्वतः सिमेंटने भरल्या होत्या. उत्साहात काठाच्या दगडामागची, फरशी सुरू होते तिथली फटही भरून टाकली. आणि नवऱ्याला अभिमानाने दाखवली!

त्या दुरुस्तीच्या निमित्ताने या तलावांच्या इतिहासात शिरले आणि पहिलाच भेटला तो कार्ल एकली, धंद्याने मेलेल्या प्राण्यांत पेंढा भरणारा! १८९६ साली आफ्रिकेत त्याने अंगावर आलेल्या बिबट्याला नुसत्या हातांनी मारलं होतं. शिकागोच्या फील्ड म्युझियममधले हत्ती त्याचे. १८९३ च्या जत्रेसाठी बांधलेल्या त्या म्युझियमच्या इमारतीचा गिलावा झडायला लागला, तेव्हा १९०७ च्या सुमाराला त्याने नळीतून कोरडं मिश्रण हवेच्या जोराने उडवून, तोंडाशी पाणी मिसळून भिंतीवर मारायचं यंत्र तयार केलं. १९११ साली पेटंट मिळालं. त्यालाच पुढे 'गनाईट' हे नाव पडलं. साचे न बांधता हवा तो आकार देता येऊ लागला, त्यामुळे महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात मध्यमवर्गाच्या अंगणातही तलाव परवडायला लागले. १९४८ साली सोनोमाला टॉमस चर्चने डॉनेल कुटुंबासाठी वळणदार आकाराचा तलाव आखला, तो खूप गाजला. म्हणजे झडलेल्या गिलाव्याच्या दुरुस्तीसाठी निघालेल्या यंत्राने बांधलेल्या तलावांची दुरुस्ती मी करत होते. असो.

पैसा असला तरी सुटका नाही, हेही कळलं. हर्स्ट कॅसलचा नेपच्यून तलाव ज्युलिया मॉर्गनने मालकाच्या हौसेपायी १९२४ ते १९३६ या काळात तीनदा बांधला. १३ लाख लिटर पाणी, संगमरवर. तोही गळायला लागला. दुष्काळात, २०१४ साली, रिकामा केला, तो दुरुस्त होऊन पुन्हा भरायला २०१८ साल उजाडलं.

या मार्चला टाईल्स पडल्यावर फोनवर बाबांना सांगितलं. बाबा पाटबंधारे खात्यात होते. ते म्हणाले, "काठामागच्या फटीत काय भरलंस?"

"सिमेंट."

"कालव्याच्या अस्तराच्या सांध्यात आम्ही डांबर भरायचो. सिमेंट नव्हे. जमीन हलते ना गं."

बरोबर होतं. इथली चिकणमाती पावसाळ्यात फुगते, उन्हात आक्रसते. फरशी तिच्याबरोबर सरकते, तलावाचं काँक्रीट जागचं हलत नाही. मधली फट मुळात ठेवलेलीच असते ती यासाठी. मी ती दगडासारखी केली, फरशीने काठाला ढकललं आणि खालच्या टाईल्स फुटल्या.

मग रात्री मोहेंजोदडोचं महास्नानगृह आठवलं. शाळेच्या पुस्तकातला तो काळपट फोटो. १९२५-२६ च्या उत्खननात सापडलेला हा हौद सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद, अडीच मीटरच्या आत-बाहेर खोल. विटा उभ्या, अगदी घट्ट बसवलेल्या, दर्जांत जिप्सम. आणि त्या भिंतीच्या मागे डांबराचा थर, तो जागेवर राहावा म्हणून त्यामागे आणखी एक विटांची भिंत. साडेचार हजार वर्षांपूर्वीचं काम. शाळेत आम्ही 'डांबराचा लेप' एवढंच पाठ केलं आणि एक मार्क मिळवला. नुसती घट्ट दर्ज पुरत नाही, तिच्यामागे चिकट, थोडंफार सोसणारं काहीतरी लागतं, हे कोणी सांगितलं नाही. मी विचारलंही नव्हतं म्हणा.

एप्रिलमध्ये पाणी टाईल्सच्या खालपर्यंत उतरवलं. पूर्ण रिकामा केला नाही, कारण जमिनीतलं पाणी वर असेल तर रिकामा तलाव होडीसारखा उचलला जातो. तीन दिवस छिन्नीने माझंच सिमेंट काढलं. फटीत फोमची दोरी दाबली, वर रबरासारखा राहणारा सीलंट. पडलेल्या टाईल्स नव्याने बसवल्या, दर्जांत या वेळी इपॉक्सी. दोन ठिकाणी हात चुकला, ते दिसतं.

तीनपैकी एक टाईल तळाशी पडून फुटली होती. तसली निळी आता कुठेच मिळत नाही. बाबांना फोटो पाठवला तर त्यांनी सगळ्यांत आधी तीच ओळखली, आणि मग विचारलं, फटीची रुंदी किती ठेवलीस.